गणपत पराते यांच्या ब्रेकबाबत

अर्जदार: मारोती लक्ष्मण ठवरे, वय चौपन्न, शिक्षण सातवीपर्यंत, धंदा अर्जनवीस, बसण्याची जागा नागपूरच्या कचेरीसमोरील तिसरे कडुनिंबाचे झाड.

ज्यांच्याकरिता अर्ज आहे ते: गणपत तुळशीराम पराते, घराणे विणकरांचे, धंदा मोटार फिटर, पूर्वी राहणार नागपूर, हल्ली मुक्काम उमरेड.

घटनेचा काळ: सन सत्तरच्या पुढील चार वर्षे, विशेषतः त्यांतील शेवटच्या वर्षाच्या माघ महिन्यातील एक रविवार.

घटनेचे ठिकाण: शहराबाहेरील पडीत धावपट्टी, जिच्यावर एक हौशी मंडळ वर्षातून एकदा मोटारींच्या शर्यती भरवीत असे.

साक्षीदार: एक, इतवारीतील सराफ भगवानदास. दोन, कामठीचे निवृत्त हवालदार इनायत खाँ, जे सदर शर्यतीत निशाण दाखवीत. तीन, मी.

पुरावा: पांढऱ्या सुताची एक गुंडी, अर्जदाराच्या ताब्यात.

एवढे नमूद करून मूळ मुद्द्यावर येतो. तेवीस वर्षे मी दुसऱ्यांचे अर्ज लिहीत आलो आहे. माझा कागद कोणत्याही टेबलावरून अपूर्ण म्हणून परत आला नाही, ही गोष्ट कचेरीतील शिपायांपासून वकिलांपर्यंत सर्वांना ठाऊक आहे. स्वतःच्या नावाने अर्ज करण्याची ही माझी पहिलीच वेळ. गणपतराव हे कसे गृहस्थ आहेत हे समजल्याशिवाय माझी मागणी समजणार नाही, सबब थोडे विस्ताराने लिहितो.

पराते माझ्याकडे प्रथम आले ते एका गाडीची मालकी स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी. उंच, वाकलेले, नखांत काळे तेल, आणि खाकी सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी हातमागाचा धोटा. धोटा म्हणजे विणकर ज्यातून आडवा धागा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकतो ते होडीच्या आकाराचे लाकूड. तो त्यांच्या वडिलांचा होता. उमरेडचा माग बंद पडला, माणूस मोटारीच्या कामाला लागला, पण धोटा त्यांनी सोडला नाही. त्याचे एक टोक चालू इंजिनावर टेकवायचे, दुसरे कानाच्या मागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. डॉक्टर नळीने छाती तपासतो तसे ते धोट्याने इंजिन तपासत. "चार नंबरचा व्हॉल्व्ह उशिरा बसून राहिला," असे म्हणत, आणि उघडून पाहिले की तसेच निघे.

त्या पहिल्या दिवशी मी त्यांचा कागद टाइप करत होतो, तेव्हा ते माझ्या टाइपरायटरकडे मान तिरपी करून ऐकत होते.

"मुन्शीजी, तुमच्या मशीनचं एक बोट लंगडून राहिलं. इकडं आणा, दोन मिनिटांत सरळ करतो."

मी त्यांना स्पष्ट सांगितले, "परातेजी, माझ्या यंत्राला आणि माझ्या कागदाला दुसऱ्याचा हात लागत नाही. तो माझा नियम आहे."

त्यांनी हात मागे घेतला. रागावले नाहीत. उलट आवडल्यासारखे मान हलवून म्हणाले, "बरोबर आहे जी. मीही माह्या पान्याले कोणाले हात लावू देत नाई. तुमचा कागद, माही गाडी."

हे चार शब्द ते पुढे वारंवार उच्चारीत. मला ते गौरवाचे वाटत.

ती गाडी म्हणजे उमरेडकडील कोळशाच्या खाणीवर यंत्रे बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनियराने मागे टाकलेली अमेरिकन मोटार. हिरवा रंग, दोनच दरवाजे, स्टिअरिंग उलट्या बाजूला, आणि बॉनेट एवढे लांब की त्यावर मोठा माणूस पाय पसरून झोपावा. आत आठ सिलिंडरांचे इंजिन. पराते यांनी ती घेतली तेव्हा मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. त्यांच्या पत्नी, राधाबाई, यांनी पहिला प्रश्न केला, "यात बसून कुठं जाचं हाय जी आपल्याले?" पराते म्हणाले, "दोराच्या आत."

या उत्तराचा अर्थ असा. शर्यतीच्या धावपट्टीला दोर बांधलेला असे. आत गाडी, तिचा मालक आणि अधिकारी. फिटर लोक बाहेर. पराते यांनी अनेक वर्षे दुसऱ्यांच्या गाड्या शर्यतीसाठी तयार केल्या, आणि प्रत्येक वेळी दोराबाहेर उभे राहून त्यांचे आवाज ऐकले. एकदा एका मालकाची गाडी सुरूच होईना. पराते दोराखालून वाकून आत गेले, एक तार बसवली, गाडी सुरू झाली. मालकाने आभार मानण्याऐवजी, "अरे, याला आत कोणी सोडला?" असे विचारले. पराते तसेच वाकून बाहेर आले. त्या वर्षी ती गाडी पहिली आली, आणि फलकावर मालकाचे नाव लागले. ही हकीगत त्यांनी मला अगदी निर्विकारपणे सांगितली, पण सांगताना ते धोट्याचे टोक अंगठ्याने घासत होते, हे मी पाहिले.

नियम असा होता की गाडीचा मालकच गाडी चालवील. म्हणून त्यांना मालक व्हायचे होते. एकदा, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने केलेली गाडी घेऊन दोराच्या आत. जिंकण्याची गोष्ट त्यांनी माझ्याजवळ कधीही काढली नाही.

पुढील चार वर्षे उमरेड रस्त्यावरील त्यांच्या टिनाच्या शेडमध्ये ती गाडी उघडी पडून होती. मी रविवारी जात असे. त्यांची काम करण्याची रीत इतर फिटरांसारखी नव्हती. चाके सरळ आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी ते गाडीच्या दोन्ही अंगांना मागेपुढे खुंट्या ठोकून सूत ताणत, आणि मग सुताला डोळा लावून जमिनीवर पालथे पडत. म्हणत, "लोखंड खोटं बोलते मुन्शीजी, सूत नाई बोलत." 

आठ पिस्टनांची गोष्ट तर इतवारीत आजही सांगतात. आठही पिस्टन वजनाला अगदी सारखे पाहिजेत, नाहीतर मोठ्या वेगात इंजिन स्वतःलाच फोडते, असे त्यांचे म्हणणे. आमच्याकडे तेवढा बारीक तराजू एकाच बाजारात. ते पिस्टन फडक्यात बांधून सराफ भगवानदास यांच्या दुकानात शिरले.

"अबे पराते, पारडं घाण करतो का? लक्ष्मीचं पारडं आहे हे!"

"रिठ्यानं धुऊन आणले जी. तुमच्या गिऱ्हाइकाच्या पाटल्यांपेक्षा साफ आहेत."

दुकानातील एका बाईंनी पदर तोंडाला लावला. भगवानदास नाइलाजाने तोलू लागले. सर्वांत हलका पिस्टन बाजूला ठेवला, आणि बाकीचे सात त्याच्याशी ताडून पाहिले. "हा दोन गुंजा जड. हा साडेतीन." पराते घरी जात, आतल्या बाजूने कानसीने घासत, आठ दिवसांनी पुन्हा येत. पाऊस सरून दिवाळी आली तरी हे चालू होते. शेवटी भगवानदास स्वतःच विचारू लागले, "काहून गा, या हप्त्यात नाई आणले?" ज्या दिवशी आठही एका गुंजेच्या आत बसले त्या दिवशी सराफांनी पेढे वाटले. सोन्याच्या दुकानात लोखंडासाठी पेढे वाटल्याचे मी तरी दुसरीकडे पाहिलेले नाही.

आता ब्रेकची हकीगत, जी या अर्जाचा गाभा आहे.

इंजिन तयार झाले तेव्हा त्यांनी मला पहाटे गाडीत बसवले. "दुसऱ्या माणसाचं वजन पाह्यजे," म्हणाले, "आणि तुम्ही भरीव आहात." गाडी उमरेड रस्त्याला लागली. तो आवाज मी कागदावर मांडू शकत नाही. एवढेच लिहितो की माझ्या दातांना तो कळला. एक मैलाचा दगड आला की ते पूर्ण वेगातून गाडी थांबवत, आणि लगेच पुन्हा पळवत. पहिला दगड, दुसरा, तिसरा, चौथा, प्रत्येक वेळी माझे कपाळ समोरच्या काचेपर्यंत जाऊन परत आले. पाचव्या दगडाशी रस्त्यावर शेळ्यांचा कळप आडवा होता. पराते यांनी पाय दाबला. गाडी थांबली नाही. पाय जमिनीपर्यंत गेलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्यांनी गिअर खाली टाकला, स्टिअरिंग फिरवले, आणि ती लांब हिरवी गाडी तुरीच्या शेतात शिरून मऊ मातीत रुतून उभी राहिली. एकही शेळी दगावली नाही. शेळ्यांमागची म्हातारी मात्र आमच्या सात पिढ्या मोजत होती.

पराते उतरले. त्यांनी बोट जिभेला लावून चाकाच्या ड्रमला टेकवले. चर्र झाले.

"चार वेळा धरलं, पाचव्याले दम सोडला," ते म्हणाले. "गरमीनं. पहिल्यांदा तर कोणतंही ब्रेक धरते मुन्शीजी. पाचव्याले धरन तेव्हा खरं."

मी वर्तमानपत्राने सदरा झटकला आणि परत चालत आलो.

त्यानंतर पुढचे दीड वर्ष त्यांनी दुसरे काहीही केले नाही. ड्रमांना वारा लागावा म्हणून पत्र्याची नळकांडी केली. ट्रकच्या ब्रेकचे जाड अस्तर आणून कापून बसवले. सीट, मागची काच, चकचकीत पट्ट्या काढून गाडी हलकी केली. पाच वेळा पळवायची, पाच वेळा थांबवायची. मला पुन्हा बसवले नाही, आणि मीही हट्ट धरला नाही. एके दिवशी ते कचेरीसमोर आले, माझ्या झाडाखालच्या ओंडक्यावर बसले आणि म्हणाले, "धरलं."

त्याच आठवड्यात शर्यतीचा फॉर्म भरायचा होता. त्या काळात पेट्रोल महाग होत चालले होते, आणि मंडळाचे लोक उघड बोलत की पुढच्या वर्षी शर्यत भरणे कठीण. फॉर्मसोबत गाडीत केलेले फेरबदल व तिची सद्यस्थिती मराठीत लिहून जोडायची होती. पराते यांनी तोंडी सांगितले ते असे: "आठ पिस्टन सारखे. दोन कार्बुरेटर. मागची सीट काढली. ड्रमले हवेची वाट केली. ब्रेक पाचव्याले धरते. लिहा."

मी म्हणालो, "परातेजी, असा कोरडा कागद साहेबापुढे जात नाही. अर्ज कसा लिहायचा ते माझ्यावर सोडा."

"तुमचा कागद," ते म्हणाले, आणि न वाचता सही केली.

मी काय लिहिले ते येथे शब्दशः देतो, कारण लपवण्यात आता अर्थ नाही. मी लिहिले: "सदर वाहन जुने व जीर्ण असून, अर्जदार गरीब विणकर असल्याकारणाने ब्रेक इत्यादी भाग यथातथाच आहेत, तरी दयाबुद्धीने सहभागी करून घ्यावे." तेवीस वर्षांत रेशन असो, जमीन असो, नोकरी असो, मी प्रत्येक अर्जदाराला दीन केले आहे. दीन केल्याशिवाय कागद हलत नाही, हे माझे शास्त्र होते. दयेच्या शास्त्रात ब्रेक बसत नाहीत, हे मला सुचले नाही.

त्या माघातल्या रविवारी सकाळी पराते पांढरा धुतलेला सदरा घालून गाडी घेऊन दोराच्या आत शिरले. तपासणीपुरता, कागदपत्रांचा माणूस म्हणून मी सोबत. राधाबाई दोराबाहेर चटईवर बसल्या होत्या. तपासणी करणारे तरुण अधिकारी हातात कागदाचा गठ्ठा घेऊन आले. बॉनेट उघडून पाहिले आणि क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी आमचा कागद काढला.

"ब्रेक यथातथाच आहेत, असं तुम्ही स्वतः लिहून दिलंय?"

पराते यांनी कागद हातात घेतला. ते सावकाश वाचत. बोट ओळीवरून सरकताना मी पाहत होतो. ते त्या शब्दापाशी थांबले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी बोलायला हवे होते. चाळीसेक माणसे दोराला लागून उभी होती, त्यांत कचेरीतले दोन कारकून होते. माझा कागद चुकला, हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

"सही तुमचीच ना?"

"सही माहीच आहे," पराते म्हणाले. "पण साहेब, ब्रेक पाहून घ्या. पाच वेळा थांबवून दाखवतो."

"लेखी असल्यावर मी सोडू शकत नाही हो. उद्या काही झालं तर मला विचारतील. गाडी बाहेर घ्या."

गाडी दोराबाहेर गेली. पराते यांनी ती राधाबाईंच्या चटईशेजारी उभी केली आणि दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे आवाज ऐकले. दुपारी राधाबाईंनी भाकर सोडली. ते जेवले. मी जेवू शकलो नाही. शेवटी मी म्हणालो, "परातेजी, तो शब्द माझा होता."

"मले माहीत आहे. माह्या तोंडात तो शब्द येतच नाई."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमच्या कचेरीचे लोक उभे होते जी. तुमचा कागद खोटा पडला असता, तर उद्या तुमच्या झाडाखाली कोण आलं असतं?" मग धोटा खिशात सारून म्हणाले, "आता उठा. एक काम आहे."

शर्यती संपल्या होत्या, मांडव सुटत होता. अधिकारी खुर्च्या मोजत होते. पराते यांनी हवालदार इनायत खाँ यांना काहीतरी सांगितले. हवालदारांनी इकडेतिकडे पाहिले आणि दोर खाली दाबला. पराते यांनी सुताची गुंडी काढली. धावपट्टीच्या शेवटाला, जिथून पुढे वीस पावलांवर नाला होता, तिथे त्यांनी ते सूत आडवे ताणायला लावले. एक टोक हवालदारांच्या हातात, एक माझ्या. गुडघ्याच्या उंचीवर.

"सोडायचं नाई मुन्शीजी. काही झालं तरी."

पहिल्यांदा गाडी आली आणि सुतापासून हातभर अंतरावर थांबली. ते वळले, परत गेले, पुन्हा आले. दुसऱ्यांदा तेवढेच अंतर. तिसऱ्यांदा पुढच्या डाव्या चाकातून पांढरा धूर निघाला आणि जळलेल्या अस्तराचा वास आला.

"बस करो पराते," हवालदार ओरडले. "धुआँ निकल रहा है!"

"निघू द्या! सूत धरा!"

चौथ्यांदा गाडी वीतभर अंतरावर थांबली. मांडव सोडणारे मजूर हात थांबवून उभे राहिले. राधाबाई चटईवरून उठल्या होत्या. गाडी परत टोकाला गेली, वळली, आणि काही वेळ तिथेच उभी राहिली. मला वाटले, आता येणार नाहीत. येऊ नयेत असेही वाटले. मग तो दातांना कळणारा आवाज उठला.

पाचव्या वेळी मला गाडी दिसली नाही, फक्त बॉनेट मोठे होत गेले. शेळ्या, तूर, जमिनीला टेकलेला पाय, सगळे माझ्या डोळ्यांपुढे आले. बोटे सुटू पाहत होती. टायर किंचाळले, धुराचा लोट अंगावर आला, आणि माझ्या बोटांत सूत ओढले गेले. ताणले गेले. तुटले नाही. धूर विरला तेव्हा सूत बंपरला टेकून चार बोटे वाकलेले होते, आणि त्या धाग्यातून चालू इंजिनाचा थरार माझ्या बोटांपर्यंत येत होता.

इनायत खाँ यांनी काखेतले निशाण काढून खाली झुकवले. तो त्यांचा नेहमीचा इशारा, गाडी पोहोचली याचा. कोणी लिहून घेतले नाही.

पराते यांनी सूत काळजीपूर्वक गुंडाळले आणि गुंडी माझ्या हाती दिली. "पुरावा म्हणून ठेवा. आणि मंडळाले एक अर्ज करा. तेवढं एक वाक्य खोडून मागा. फुरसतीनं करा."

पुढच्या वर्षी शर्यत भरली नाही, त्यानंतरही नाही. हिरव्या गाडीचे इंजिन मौद्याकडच्या एका संत्र्याच्या बागेत पाणी ओढू लागले. सांगाडा भंगारात गेला. आणि तो अर्ज मी लिहिला नाही. लिहायचा म्हणजे माझा कागद चुकला असे माझ्याच यंत्रावर टाइप करायचे. एक वर्ष गेले, मग बरीच गेली.

गेल्या पोळ्याच्या सुमारास मी त्यांना एसटी स्टँडवर पाहिले. उमरेडच्या बसचे बॉनेट उघडे होते. पराते यांनी धोट्याचे टोक इंजिनावर ठेवले होते, दुसरे कानामागे, आणि डोळे मिटले होते. ड्रायव्हर थट्टेने म्हणाला, "काय म्हणते जी आमची म्हातारी?" पराते बराच वेळ तसेच उभे राहिले. मग धोटा काढून मान हलवली. उघड्या सायलेन्सरशेजारी काढलेल्या वर्षांनी त्यांचे दोन्ही कान नेले आहेत, हे मला तेव्हा राधाबाईंकडून समजले.

मला पाहून ते, बहिरी माणसे बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मुन्शीजी! उत्तर आलं का?"

मी मान हलवली. अजून नाही, अशी.

"कागदाचं काम," ते राधाबाईंना समजावू लागले. "टाइम लागते वं. मुन्शीजीनं लिहिलं आहे ना, येईन."

बस सुटली. खिडकीच्या दांडीवर त्यांनी धोटा टेकवलेला मला दिसला. कान दुसऱ्या टोकाला.

सबब, सदर मंडळाची कागदपत्रे आज ज्या कोणाच्या ताब्यात असतील त्यांना माझी विनंती आहे की, गणपत तुळशीराम पराते यांच्या फॉर्मसोबत जोडलेल्या कागदातील ब्रेकविषयीचे वाक्य खोडावे, ते वाक्य त्यांचे नसून खाली सही करणाऱ्याचे होते अशी नोंद करावी, आणि त्या जागी लिहावे: ब्रेक पाचव्या वेळी धरले. सुताची गुंडी व दोन साक्षीदार केव्हाही हजर करण्यास मी तयार आहे.

या अर्जात मी कोणालाही दीन केलेले नाही. दया मागितलेली नाही.

संबंधित गृहस्थ हयात आहेत. त्यांना ऐकू येत नाही. तरी उत्तर द्यावे ते लेखीच द्यावे, आणि माझ्या पत्त्यावर न पाठवता थेट उमरेडला त्यांच्या नावाने पाठवावे. ते सावकाश वाचतात.

मारोती लक्ष्मण ठवरे